शिरीष म्हणावं की विलायती चिंच

भेटलेल्या माणसाचं नाव विसरून त्याच्या दारातलं झाड लक्षात ठेवणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. आलापल्लीला ते जंगलखात्यात रेंजर होते. माझ्या लग्नाच्या बैठकीत सगळे गोत्र विचारत होते, तेव्हा मामांनी विचारलं, "घरापुढं झाड कोणतं आहे जी?" मी कडुनिंब म्हणालो. "कडुनिंब का बकाणनिंब?" मला सांगता येईना. मामा उठले, पायांत वहाणा सरकवून आमच्या घराकडे चालते झाले, आणि पान घेऊन परतले तेव्हाच बैठक पुढे सरकली. "कडुनिंबच आहे. पोरगा खरं बोलते," असं त्यांनी जाहीर केलं.

जेवायला बसले की ताटातल्या लाखोळीच्या डाळीवरून ते पळसावर जात आणि पळसावरून बाभळीवर. ही सगळी शेंगवाल्यांची भावकी, घर एक पण चुली तीन: एक पळसाची, एक चिंच-गुलमोहराची, एक बाभळीची. फूल पाहिलं की चूल कळते, असं सांगताना त्यांचा घास हातातच राही आणि मामी मुकाट्यानं वरण पुन्हा गरम करायला नेत.

पण ज्याच्यापायी मामांची झोप उडाली ते झाड त्यांच्याच सरकारी क्वार्टरच्या अंगणात होतं. पूर्वीच्या कुणा गोऱ्या साहेबानं ऑस्ट्रेलियातून बी आणून लावलेलं. बियांच्या पुडीवरचं नाव वाळवीनं खाल्लं होतं. चूल बाभळीची, एवढं नक्की. पुढं मात्र घोळ होता. फुलं शिरीषासारखी, गोंड्यांची, उमलताना पांढरी आणि मग पिवळी पडणारी. शेंगा मात्र विलायती चिंचेसारख्या (ती नावालाच चिंच, चूल बाभळीचीच) पिळवटलेल्या, आतून लाल, बी काळंभोर. एकदा दौऱ्यावर आलेल्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ऐन बहरात झाड पाहून शिरीष म्हणून सांगितलं. मामांनी हौसेनं पत्र्याची पाटी रंगवली. पुढं दुसरे विद्वान आले ते शेंगांच्या दिवसांत. ते म्हणाले, ही विलायती चिंचेची बहीण. मामांनी पाटी पुसली आणि कोरीच टांगून ठेवली. "एकानं तोंड पाह्यलं, एकानं पाय," ते मला म्हणाले. "पुरा माणूस कोणीच नाई पाह्यला."

मग मामा निवृत्त झाले. गोंडपिपरीला घर घेतलं होतं. सामान बैलबंडीत चढलं, मी मदतीला गेलो होतो. नवे रेंजर तरुण, सरळ गृहस्थ होते. त्यांना जीपसाठी छपरी घालायची होती, आणि झाड नेमकं आड येत होतं. मामांचा चेहरा उतरला.

"ते नका तोडू साहेब," मामा म्हणाले.

"ठेवलं असतं, पण वरचे विचारतील काऊन ठेवलं म्हणून. कोणतं झाड आहे, तेवढं सांगा. नाव असलं तर मले बोलता येते."

मामा झाडाकडे पाहत उभे राहिले. एक शब्द बोलले असते की काम झालं होतं. बंडीतून मामी ओरडल्या, "अवो, सांगून द्या नं शिरीष म्हणून! झाडाले का समजून राह्यलं?"

मामांनी तोंड उघडलं, मिटलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेब, मले नाई माहीत. नाई ठरलं अजून."

मला वाटलं, संपलं. रेंजरसाहेबांनी मामांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी गड्याला हाक मारली आणि छपरीच्या खुंट्या विहिरीपलीकडे ठोकायला सांगितल्या. "ठरलं की मले कळवा," एवढंच ते बोलले.

वाटेत मामी फणफणल्या, "खोटं बोलले असते तर जीभ झडली असती का?"

"माह्या दारचा पाहुणा," मामा हळूच म्हणाले, "त्याले भलत्याच्याच घरचा कसा म्हणू?" मग आष्टीपर्यंत ते मधूनमधून मागं वळून पाहत होते.

मामा देवाघरी जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा कामानिमित्त आलापल्लीला गेलो. क्वार्टरमध्ये आता तिसरेच कुणी राहत होते. झाड फुललं होतं, खाली सडा पडला होता. घरातल्या बाई अंगण झाडत होत्या. मला रेंगाळलेला पाहून त्यांनी विचारलं, "कायचं झाड आहे भाऊ हे? सगळे इचारते."

बायकोच्या मामांचं, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांनी झाड विचारलं होतं, माणूस नव्हे.

"नक्की सांगता येत नाही, बाई," मी म्हणालो, आणि ओंजळभर फुलं उचलून एसटीकडे निघालो. गोंडपिपरीला पोचेपर्यंत ती सगळी पिवळी पडली होती. मामींनी ती तशीच पदरात घेतली.