मालसुनचा पंधरावा थर

साठ पूर्ण झाले की गोदीतून घरी बसायचं, हा नियम मालसुनला अजिबात मान्य नव्हता. कजे बेटावरच्या त्या गोदीत एकतीस वर्षं तिने जहाजं जोडली होती, आणि आता एकोणसाठावं सरत आलं होतं. घरी बसून करायचं काय? नवऱ्याच्या मिरच्यांना पाणी घालायचं?

म्हणून अणुशक्तीवर चालणाऱ्या मालवाहू जहाजाच्या वेल्डिंगची परीक्षा निघाली, तेव्हा पहिलं नाव तिने दिलं. जो पास होईल त्याला पुढे शिकवायला ठेवणार होते, आणि शिकवणाऱ्याला वयाची अट नव्हती. संधी मात्र दोनच.

नवरा गाप्सू जेवताना हसायचा. "अगं, ते कागदावरचं जहाज. अणुभट्टी पोटात घेऊन आलं, तर कुठलं बंदर त्याला उभं करणार?"

"मला मागणी घालायला आलात तेव्हा आमच्या बाबांनी तुम्हाला तीनदा दारातूनच परत पाठवलं होतं," मालसुन म्हणाली. "चौथ्यांदा आत आलातच ना?"

गाप्सूने किमचीची वाटी पुढे ओढली.

पहिल्या परीक्षेत तिने असं काम केलं की शेजारचे वेल्डर हातातलं टाकून बघत राहिले. जोडाच्या एक्स-रेमध्ये एकही छिद्र नाही, भेग नाही. तरी निरीक्षक छा यनही हिने नापासाचा शिक्का मारला. वयाने ही मालसुनच्या लेकीएवढी, पण चेहऱ्यावरची इस्त्री कधी मोडायची नाही.

"वेल्डिंगचे थर चौदा सांगितले होते. तुम्ही पंधरा दिले."

"शेवटचा वरचा म्हणून दिला," मालसुन म्हणाली. तिची आई बाजारात सुकट विकायची. माप भरलं की वर एक मूठ टाकल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायची नाही. गोदीतही सगळ्या जुन्या वेल्डरांची तीच रीत, शेवटी एक थर आपल्या मनाचा. हात आखडता घेणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"ते जहाज पंचवीस वर्षं इंधन न भरता फिरणार आहे," छा म्हणाली. "भट्टीची खोली एकदा बंद झाली की आत काय आहे ते माणूस कागदावरूनच ओळखणार. कागदावर नाही ते तिथे नको. जास्तीच्या थराने धातूला लागणारी उष्णतासुद्धा नको."

मालसुनला राग आला, भयंकर राग आला. एकतीस वर्षांत जास्त दिलं म्हणून तिला कुणी बोल लावला नव्हता. पण घरी आल्यावर भात वाढताना तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. गाप्सू नको नको म्हणत होता आणि पळी चाललीच होती. ती खुदकन हसली. पुढचे तीन आठवडे तिने नवऱ्याला मोजून वाढलं. तो बिचारा शेजारी जाऊन विचारून आला, बायको माझ्यावर रुसली आहे का म्हणून.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी तिने प्रत्येक थर मोठ्याने मोजला. बारा. तेरा. चौदावा इतका सुरेख बसला की त्यावर एक अजून द्यायला बोटं शिवशिवली. वेल्डिंगचा दांडा हाताशीच होता. मालसुनने मुखवटा काढला, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि धातू थंड होईपर्यंत स्टुलावर तशीच बसून राहिली. कपाळावरून घाम वाहत होता, तोसुद्धा पुसला नाही.

छाने एक्स-रे पाहिला, थर तपासले, पुन्हा तपासले. मग पासाचा शिक्का मारून कागद पुढे केला.

"जहाज कधी उभं राहणार?" मालसुनने विचारलं.

"बंदरं तयार झाली, विमेवाले तयार झाले, तर दहा वर्षं. नाहीतर जास्त."

"म्हणजे मी एकोणसत्तर."

"म्हणून तर तुम्ही आत्ताच शिकवायला हव्यात, मावशी." इतक्या दिवसांत छाने तिला पहिल्यांदाच मावशी म्हटलं होतं. "त्याला शंभर वेल्डर लागतील. पहिली तुकडी सोमवारी येते आहे. काय शिकवणार त्यांना?"

"थांबायला," मालसुन म्हणाली. आणि आपल्याला मात्र आता थांबायचं नाही, या आनंदात ती गोदीच्या फाटकाकडे चक्क धावत सुटली.