वंशावळीचा तक्ता

नंदा गेल्याचं मला कळलं ते पासवर्ड विचारणाऱ्या फोनमधून. पेडगावला शेळ्यामेंढ्यांच्या लसीकरणाचं शिबिर होतं, हातात सिरिंज होती, म्हणून दोन वेळा फोन वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला, तर परभणीच्या ज्या खासगी दवाखान्यात ती काम करायची तिथले व्यवस्थापक बोलत होते. "मॅडम, तुम्ही नंदाताईंच्या जवळच्या ना? सर्व्हरचा मुख्य पासवर्ड तुमच्याकडे आहे का? त्या सकाळी वारल्या." वाक्यांचा क्रम हाच होता. मी म्हणाले, पासवर्ड तिने तुम्हाला आणि मोठ्या डॉक्टरांना देऊन ठेवलाय, तुमच्या सह्या घेऊन. "हो का... बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. ती कशाने गेली, कुठे आहे, हे मला तिच्या घरमालकिणीला फोन करून विचारावं लागलं. सकाळी पाणी तापवायला उठली होती, स्वयंपाकघरातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चाळिशीही गाठली नव्हती तिने.

आमची ओळख देवगाव फाट्यावरची. तिथे एका संस्थेचं मेंढीपालनाचं केंद्र होतं. मी पशुवैद्यक, आणि नंदा संगणकावर. ती पालमकडच्या मेंढपाळाच्या घरातली, घराण्यातली पहिली पदवीधर. तिचे वडील मारुतीआबा वर्षातले बरेच महिने कळपामागे रानोरान असायचे. संस्थेचं काम असं होतं की गावोगावच्या कळपांतल्या प्रत्येक मेंढीच्या कानात क्रमांकाचा बिल्ला मारायचा, आणि चांगले नर केंद्रात वाढवून वेगवेगळ्या कळपांना फिरवून द्यायचे. त्यात एक गोष्ट सांभाळायची होती. ज्या कळपात नराची आई, बहीण किंवा लेक आहे, तिथे तो द्यायचा नाही, नाहीतर पुढची पिल्लं दुबळी निघतात. वर्षानुवर्षं नर इतक्या कळपांत फिरले होते की कोण कुणाचं पिल्लू हे एकट्या मेंढपाळाला सांगता येणं शक्य नव्हतं. ते फक्त नंदाच्या डेटाबेसमध्ये होतं. एका तक्त्यात मेंढ्या, दुसऱ्यात वजनं, तिसऱ्यात लसी, आणि या सगळ्यांना जोडणारा वंशावळीचा तक्ता. कुणी गावकरी आला की ती त्याच्याकडून बिल्ल्याचा क्रमांक विचारायची आणि त्याच्या मेंढीचं चार पिढ्यांचं कूळ घडाघडा वाचून दाखवायची. म्हातारे खूश व्हायचे. मारुतीआबांनी तर आपल्या कळपातले सगळ्यात देखणे नर केंद्राला दिले होते, लेकीच्या शब्दावर.

रोज संध्याकाळी बॅकअप आपोआप निघायचा आणि पडद्यावर "यशस्वी" अशी ओळ यायची. नंदाने आमच्या संचालक सरांकडे एक जुनं का होईना, पण दुसरं मशीन मागितलं होतं. बॅकअप उघडून बघायचा होता तिला. सर म्हणाले, "निघतोय ना रोज? मग उघडून काय बघायचं?" ती आणखी एकदा म्हणाली, मग म्हणायची थांबली.

पुढे एका उन्हाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. नंदा घाबरली नव्हती. दुसरं मशीन आता मिळालंच होतं, तिने बॅकअप चढवायला घेतला. मेंढ्या आल्या. वजनं आली, लसी आल्या. वंशावळ आली नाही. तो तक्ता नंतर वाढवलेला होता, आणि बॅकअपमध्ये काय काय घ्यायचं हे नंदाने त्याच्या आधीच लिहून ठेवलं होतं. नवा तक्ता त्यात घालायचा राहून गेला. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तो मागे राहत होता आणि पडदा "यशस्वी" म्हणत होता. मी तिच्या शेजारी उभी होते. ती पुन्हा पुन्हा तेच चढवत राहिली, जणू सातव्यांदा काही वेगळं निघेल... मेलेली डिस्क मांडीवर घेऊन ती पुण्याला गेली, डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्यांकडे. त्यांनी आठवडाभराने ती तशीच परत दिली.

सरांनी मेंढपाळांची बैठक बोलावली. सगळे झाडाखाली बसले होते. सर म्हणाले, "संगणकाचं सगळं नंदाताई बघायच्या. त्याच सांगतील." आणि खुर्ची मागे सरकवून बसले. नंदा उभी राहिली. "चूक माझी हाय," ती म्हणाली. "वंशावळ बॅकअपमधी घ्यायला पायजे व्हती, मी घेतली न्हाई." कुणीतरी मागून म्हणालं, "शिकून लय शहानी झाली व्हती." हसले काही जण. मी तिला नंतर रागावले की दुसऱ्या मशीनचं का नाही सांगितलंस, सरांनी दिलं नाही म्हणून? ती म्हणाली, "मशीन मागितली व्हती हे खरं हाय, ताई. पर तक्त्याचं नाव लिहायला मशीन लागत न्हाई."

संस्थेचा प्रकल्प बंद झाला. कूळ माहीत नसलेले नर कुठल्याच कळपाला देता येईनात आणि केंद्राला ते पोसायचे नव्हते. ते विकायला काढले, आणि घ्यायला आले ते खाटीक. त्या दिवशी मारुतीआबा आले. त्यांच्या नरांतला एक, काळ्या तोंडाचा, त्यांना ओळखून कठड्याशी आला, त्याचं कपाळ त्यांनी खाजवलं. टेम्पोत चढवेपर्यंत ते तिथेच होते. मग वळून, नंदाकडे न बघता, जमलेल्या भावकीला म्हणाले, "जित्राब गेलं ते गेलं. पर ही कोनाची हाय म्हनून कुनी इचारलं, तं माजं नाव सांगू नका." नंदा माझ्यापासून हातभरावर उभी होती. ती रडली नाही. टेम्पो गेल्यावर तिने आत जाऊन नरांच्या नोंदीपुढे "विकला" असं भरलं, एकेक करून. ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर आबा तिच्याशी कधीच बोलले नाहीत. ठरत आलेलं तिचं लग्नही याच बोभाट्यात मोडलं.

परभणीच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि तिथे मी एक वेगळी बाई पाहिली. पहिल्याच बैठकीत तिने डॉक्टरांना विचारलं, "तुमचं किती काम गेलं तर चालेल?" ते म्हणाले, काहीच जाता कामा नये. "मग दोन मशीनवर एकाच वेळी लिहावं लागेल. ते नसंल परवडत तर सांगा, एक तास? एक दिवस? आणि बंद पडलं तर किती वेळ बंद चालेल?" उत्तर मिळेपर्यंत तिने त्यांना उठू दिलं नाही, आणि मिळालेल्या उत्तराखाली सह्या घेतल्या. एक प्रत दवाखान्यात, एक दुसऱ्या इमारतीत, एक पालमच्या शाखेत, ती सर्व्हरला न जोडलेली. दर शनिवारी दुपारी बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवायचा आणि तिने सांगितलेले रुग्ण शोधून दाखवायचे. "यशस्वी" हा शब्द तिच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती.

हाताखालच्या मुली तिला टरकून असत. त्यातली अश्विनी नवी होती. एका शनिवारी तिने न तपासताच "झालं" म्हणून सांगितलं. नंदाने तिला दंडाला धरून बाळंतिणींच्या वॉर्डात नेलं आणि एका रक्त चढवलेल्या बाईच्या खाटेपाशी उभं केलं. "सांग यांना, तुमचा रक्तगट आमी हरवला म्हणून. सांग." ती बाई घाबरून उठून बसली. अश्विनी ओक्साबोक्शी रडली. मला हे कळलं तेव्हा मी नंदाला म्हणाले, तू दुष्टपणा करतेस. "करते," ती म्हणाली. "मला आधी कुणी रडवलं न्हाई, ताई. नंतर समद्यांनी रडवलं." पण अश्विनीची माफी तिने मागितली नाही आणि त्या बाळंतिणीचीही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माणूस गेल्यावर त्याला गोड करून टाकायची आपल्याला सवय असते, आणि नंदाला ते आवडलं नसतं.

पुढे एका पावसाळ्यात वीज कमीजास्त होऊन दवाखान्याचा सर्व्हर जळाला. सकाळी गेला आणि दुपारच्या आत सगळं परत उभं होतं, तासाभराच्या नोंदी सोडून. मुलींनी त्या हातानं भरल्या. तिला शाबासकी कुणी दिली नाही. व्यवस्थापकांनी लेखी खुलासा मागितला की अर्धा दिवस काम का थांबलं. तिने त्यांच्याच सहीचा कागद पुढे ठेवला: अर्धा दिवस बंद चालेल, तासाभराचं काम गेलं तर चालेल. त्यावर ते नाराजच झाले.

तिला जाऊन महिना होत आला होता तेव्हा मारुतीआबा माझ्या दारात आले. दहाव्याला, तेराव्याला आले नव्हते. पालमहून पहिल्या एसटीने निघाले होते. चहा घेतला नाही. बराच वेळ काठीशी चाळा करून म्हणाले, "मी बोललो व्हतो तिला, देवगावला... सगळ्यायसमोर."

"हो. मी होते तिथं."

"तिच्या मनात ऱ्हायलं व्हतं का ते?"

म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणून सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण शनिवारच्या त्या दुपारी डोळ्यांपुढे आल्या, आणि तिचं ते कुणालाही न सोडणारं तोंड.

"राहिलं होतं, आबा. शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली, जणू एसटीची वेळ कळली. मग म्हणाले, "तिची खोली दाव."

खोलीची जादा किल्ली तिने माझ्याकडे ठेवलेली होती. आत सगळं तसंच होतं. आबा चौकटीत थांबले, वहाणा काढल्या, आत गेले. पलंगावर पायाशी घडी घातलेली काळी घोंगडी होती. परभणीला शिकायला निघाली तेव्हा घरच्या लोकरीची विणून घेऊन त्यांनीच दिलेली. ती त्यांनी उचलून नाकाशी धरली. "ही वापरायची का?"

"रोज. उन्हाळ्यातसुद्धा."

ते खाली फरशीवर बसले. घोंगडी मांडीवर होती. ऊन खिडकीतून पलीकडच्या भिंतीवर जाईपर्यंत बसून होते. उठताना मी म्हणाले, घेऊन जा. त्यांनी ती पुन्हा तशीच घडी करून पलंगावर ठेवली, कडा नीट जुळवून. "न्हाई. माज्यानं न्हाई पांघरवायची."

खोली आता दुसऱ्यांना दिली आहे. घोंगडी मी आणली. परवा थंडी पडली म्हणून काढली होती... जाड, राठ लोकर. मानेला टोचते, हाताला टोचते. ती मी अजून माळ्यावर ठेवलेली नाही.