तणसाची काडी आणि तिरपा टाका

वरात दारात आली तेव्हा माझ्या नातीच्या तोंडात भाताच्या तणसाची काडी होती. अंगावरचा कपडा शिवायचा तर दातात काडी धरायची, टाका संपेपर्यंत बोलायचं नाही, असं आमच्याकडे आहे. काडी दिसू नये म्हणून पोरीनं पदर तोंडावर घेतला होता आणि मागे बसून माझी धाकटी जाऊ तिचा ब्लाउज शिवत होती. तेवढ्यात नवरदेवाची आई आत आली.

"काय वं पोरी, खुश हायेस ना?"

पोरीनं पदर आणखी ओढून घेतला.

"लग्न पसंत नाही का वं तुले?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "तिच्या तोंडात तणस हाये." विहीणबाई आणखीच घाबरल्या.

जाऊ मान वर न करता म्हणाली, "तिले बोलवू नका. टाका तिरपा होते."

माझ्या जावेइतकी हट्टी बाई आमच्या कामठ्यात जन्मली नाही. परदेशातले मोठे शिंपी कसे शिवतात ते ती मोबाइलवर पाहू लागली. तेव्हापासून घरची मशीन चादरीखाली झोपली आहे. "मशीन कापडाले चावते, बाई," असं ती मला सांगते. कपडा आधी साध्या, स्वस्त मांजरपाटाचा करायचा, तो कच्च्या टाक्यांनी जोडायचा, अंगावर बसवायचा, उसवायचा, मग खरं कापड कापायचं. माझा दीर खऱ्या पायजम्याची वाट पाहून थकला आणि मांजरपाटाचाच घालून भाताच्या रोवणीला गेला. चिखलातून पाय निघाला, पायजम्याचा पाय तिथंच राहिला. अस्तराची शिवण तर ती अशी लपवते की तिलाच सापडत नाही. आतून कोण पाहते, असं मी विचारलं तर म्हणाली, "घालते तिले समजते."

नवरीचा ब्लाउज तयारच होता. पण पोरगी हसली की त्याचा उजवा खांदा ओढला जातो म्हणून हिनं त्याच सकाळी तो उसवला. आणि आता लग्नच उसवायला निघालं होतं. विहीणबाई दाराकडे वळल्या. "पोराले सांगतो, थांब म्हणून."

जावेनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. नातीनं काडी थुंकली आणि ओरडली, "पसंत हाये! या धाकट्या आजीले आवरा!"

विहीणबाई मटकन खाली बसल्या. पोरगी हसली. खांदा ओढला गेला नाही.

आता जावेला नीट दिसत नाही. शिवण बोटांनी चाचपते. सुई मी ओवून देते, बडबडत देते. नातीच्या पोराचं झबलं चालू आहे. अजून मांजरपाटावरच आहे.

लग्नाच्या दिवशी त्या खोलीत नात, विहीणबाई, जाऊ आणि मी होतो. लग्न वाचलं, आणि आम्ही चौघीही वाचलो.