श्रीपालनं भिंती गप्प केल्या
कसबा बावड्याच्या त्या मोठ्या हॉलात गाणं नुसतं घुमायचं, शब्द कळायचे न्हाईत. वीस वर्षं तिथं साउंड माझा. लोक कुरकुरले की मी म्हणायचो, "भिंती घुमत्यात, मी काय करू?" आणि आवाज आणखी वाढवायचो.

यंदा हॉलच्या मालकानं हे घुमणं थांबवायला इचलकरंजीच्या श्रीपालला बोलावलं. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला माणूस, ह्याला गाण्यातलं काय कळणार? त्यानं हॉलात मधोमध उभं राहून टाळी वाजवली, कान दिला आणि भिंतींवर, छताला लाकडी चौकटी ठोकल्या. चौकटीत दाबून भरलेल्या चिंध्या, वरनं कापड. "गाद्या लावतंय बेणं!" म्हणून मी हसलो. पण चिंध्या मलाबी मिळाल्या असत्या की!

पहिल्याच कार्यक्रमात शब्दन् शब्द कळला. जो तो श्रीपालचा हात हातात घेत होता, मी कोपऱ्यात जळत उभा. तेवढ्यात गायिका थांबली आणि घर्रर्र ऐकू आलं. माझ्या स्पीकरमधनं.

श्रीपाल जवळ येऊन हळूच म्हणाला, "पावणं, ही घरघर आधीपासनं हाय व्हय?"

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. आणि भिंतींचं नाव सांगायची सोय त्या माणसानं ठेवली न्हवती.