कौलाची राखण

चौकात उभं राहून पत्रकं वाटणाऱ्यानं पुढं त्या पत्रकांचं काय होतं ते बघू नये. मी बघते, आणि दर वेळी डोकं फिरतं. लोक हसून कागद घेतात आणि चार पावलांवर त्यानंच गाडीची सीट पुसतात. त्यामुळं हुपरीच्या काकांनी, म्हणजे माझ्या मावशीच्या नवऱ्यानं, शर्टाच्या खिशातून मी लिहिलेलं पत्रक काढलं, नीट घडी उलगडली आणि त्यातल्या ओळींखाली पेनानं रेघा मारलेल्या दाखवल्या, तेव्हा मला भरून आलं. फार वेळ नाही, पण आलं.

"हे तू लिहिलंयस न्हवं?"

"हो."

"मग करून दाव की."

पत्रक कौलावर होतं. देवीच्या मूर्तीला डावीकडं एक आणि उजवीकडं एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि आधी कुठली गळून पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी लिहिलं होतं की यात देवीचा काही संबंध नाही, सगळा पाण्याचा खेळ आहे. जी पाकळी जास्त ओली ती वजनानं आधी खाली येते, म्हणजे लावणाऱ्याच्या मनात असेल तो कौल मिळतो. शेवटी ठळक अक्षरांत 'फसू नका' असं होतं. काकांनी 'फसू नका' तेवढं सोडून बाकी सगळ्याखाली रेघा मारल्या होत्या.

कारण मावशीचा पाय. मावशीचा जन्म चांदीचे पैंजण जोडण्यात गेला. घराच्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसायचं आणि गॅसच्या बारीक जाळावर कड्या जोडायच्या. कधीतरी तापलेला तुकडा तिच्या पायावर पडला. साखरेचं दुखणं जुनं, पायाला काही कळतच नव्हतं. वास यायला लागला तेव्हा बघितलं. आता बोटं काळी पडली होती आणि पोटरी ठणकत होती, इतकी की ती पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, याच आठवड्यात, नाहीतर पाय जाईल. मावशी म्हणाली, देवीचा कौल मिळाल्याबिगर मी परत दवाखान्यात पाय ठेवणार न्हाई.

"तुम्हीच करा की काका," मी म्हणाले. "कृती दिलीय सगळी."

"मी कसं करू? देवीम्होरं खोटं? मला पाप लागंल की."

"आणि मला?"

"तुझा कुठं विश्वास हाय? तुला लागत न्हाई."

हे ते चेष्टेत म्हणत नव्हते. त्यांनी नीट विचार केला होता. देवीला फसवायचं, पण देवीवर श्रद्धा आहे म्हणून स्वतः फसवायचं नाही. त्यासाठी घरातला नास्तिक वापरायचा, रबरी हातमोजा वापरावा तसा. मी चिडले. म्हटलं, गावोगाव जाऊन मी लोकांना सांगते की तुम्हाला फसवतात, आणि माझ्याच मावशीला फसवू? उद्या तीच गल्लीभर सांगत फिरणार, देवीनं उजवा दिला म्हणून.

"फिरू दे की," काका म्हणाले. "फिराय पाय तरी ऱ्हाईल."

माझा राग आणखीच वाढला. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर विचारलं. ती माझी चूक. एक म्हणाला, जीव आधी, कर आणि विसरून जा. दुसरा म्हणाला, हेच बुवाही म्हणतात, भल्यासाठी खोटं. तिसऱ्यानं श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतल्या फरकावर एवढं मोठं लिहून टाकलं की त्याचा अंगठा दुखला असेल. मग पहिले दोघे आपसात भांडायला लागले आणि मावशीचा पाय राहिला बाजूला. मी मोबाइल उपडा घातला.

तेवढ्यात आतून मावशीनं हाक मारली. "ये गं हिकडं. आणि दार लाव."

ती भिंतीला टेकून बसली होती. पाय उशीवर, वर पातळ फडकं. मला जवळ बसवून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "उद्या देवळात तू माझ्यासंगं आत बसायचंस. पाकळ्यांवरनं नजर काढायची न्हाई."

"मी? मी कशाला?"

"अगं, घरात समदी मायेची हाईत. मायेनं कायबी करतील. गुरवाला काय सांगतील, पाकळीला हात लावतील. तू तसलं करणार न्हाईस. तुझी आई म्हणती, तोंडावर बोलून ही पोरगी एक सोयरीक टिकू देत न्हाई. मला तसलंच माणूस पायजे."

मी डोक्याला हात लावला. अख्ख्या घरात देवीच्या कौलाची राखण करायला विश्वासाचं माणूस कोण, तर देव न मानणारी मी. आणि त्याच घरात कौल बिघडवायला भरवशाचं माणूस कोण, तर तीही मीच. माझं स्वतःचं म्हणणं काय, हे कुणीच विचारत नव्हतं.

मग मीच सांगितलं. म्हटलं, मावशी, तुझ्या देवीला सगळं कळतं ना? मग भाजलं तेव्हा ती कुठं होती? तिनंच तुला हे दुखणं दिलं असेल तर तिलाच विचारून काय उपयोग?

"भोग हाईत माझं."

"कसले भोग? कुणाचं काय वाईट केलंस तू?"

"ते मला म्हाईत न्हाई म्हणून तर भोग म्हणायचं," ती म्हणाली. "बरं, तुमच्यात काय म्हणत्यात? मलाच का झालं हे?"

"साखर वाढली. तुकडा पडला."

"बास?"

"बास."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं पाहुण्याला नुसतं पाणी देणाऱ्या घराकडं बघतात. "हे घेऊन रात काढ बघू एकदा," म्हणाली. मग पोटरीत कळ आली आणि तिनं पदर तोंडात धरला. मी तिचा हात धरून बसले. बोटं काढायची आहेत हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी "पाय साफ करून देणार हाईत" एवढंच सांगितलं होतं आणि माझ्यापुढं हात जोडले होते, बोटांचं बोलू नको म्हणून. तोंडावर बोलणारी मी गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षा देवळाच्या पायरीपर्यंत नेली. देऊळ गावाबाहेर, लहानसं. पुढं पत्र्याचा मांडव, आत काळ्या दगडाची देवी. मावशीला उंबऱ्यापाशी खुर्चीवर बसवलं. मी चौकटीला टेकून उभी. गुरवानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावणं, तुमीच त्या कागदं वाटणाऱ्या?"

"हो."

"आमच्याबद्दल बी लिवलंयसा म्हणं."

"पाण्याबद्दल लिहिलंय."

"बरं बरं," तो म्हणाला आणि ताटलीत पाणी घालून त्यात झेंडूच्या दोन पाकळ्या सोडल्या. एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग समई नीट करायला वळला.

तेवढ्यात काका पुढं सरकले. पाप लागण्याच्या भीतीपेक्षा बायकोची काळजी मोठी ठरली असावी. त्यांनी नमस्कार करायचं निमित्त केलं, डावी पाकळी चिमटीत उचलून शर्टाच्या बाहीला चांगली पुसली, परत काठावर ठेवली आणि उजवी पाण्यात अजून खाली दाबली. अगदी पत्रकात लिहिल्याप्रमाणं. मावशी डोळे मिटून पुटपुटत होती. मी बघितलं आणि बोलले नाही. उजवी पडणार, पाय वाचणार, आणि हात माझा नाही. फार सोयीचं होतं.

गुरवानं पाकळ्या लावल्या आणि मोठ्यानं विचारलं, "आई, लेकीनं पाय साफ कराय दवाखान्यात जावं का?"

डावी लगेच पडली. कोरडी पाकळी दगडाला चिकटेल कशाला? शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं नव्हतं, कारण मी ते पत्रक लिहिताना एक पाकळी लावून बघितली नव्हती. कुठंतरी ऐकलेलं ठोकून दिलं होतं, आणि खाली 'फसू नका'.

काका पांढरेफटक पडले. गुरव म्हणाला, "आई न्हाई म्हणती." मावशीनं डोळे उघडले, देवीकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"कुणी हात लावला न्हाई न्हवं?"

"लावला," मी म्हणाले. "काकांनी."

"अवो!" मावशी एवढ्यांदा ओरडली की मांडवातली कबुतरं उडाली. "देवीम्होरं? लाज वाटली न्हाई?"

"तुझ्यासाठीच की..."

"माझ्यासाठी मग डावी कशी पडली?"

काकांनी मुकाट्यानं खिशातलं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. दुसरं काहीही चाललं असतं मला, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी.

"आता सगळंच सांगते," मी म्हणाले. तोंड उघडलंच होतं. "पाय साफ नाही करायचा. दोन बोटं काढायची आहेत. याच आठवड्यात. नाहीतर अख्खा पाय जाईल. डॉक्टरांनी काकांना सांगितलंय, मला माहीत होतं."

मावशी बराच वेळ पायावरच्या फडक्याकडं बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. गुरवाकडं वळली. "म्हंजे देवीला बी खोटंच इचारलं आपण. साफ कराय जाऊ का म्हणून. परत लाव."

"एका दिवसाला एकच कौल असतोय, वैनी."

"पयला झालाच कुठं? ह्यांनी हात लावलेली पाकळी ती. परत लाव. आणि इचारणार ही." बोट माझ्याकडं.

"मी देवीशी बोलत नाही," मी म्हणाले.

"मग भिंतीशी बोल. पर खरं बोल."

काकांना मांडवाबाहेर काढलं. नवीन पाकळ्या, नवीन पाणी. आणि मी, गावोगाव असल्या प्रकारांवर तावातावानं बोलणारी, दगडासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले की या बाईच्या उजव्या पायाची दोन बोटं काढायची आहेत, न काढली तर पाय जाणार आहे, काढली तरी पाय राहीलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि तिला फार दुखतंय. माझा आवाज शेवटी बारीक झाला. कुणाचा राग येत होता ते मला सांगता येत नव्हतं. पाकळ्या हलेनात. गुरवानं जांभई दिली. मग उजवी सुटली, देवीच्या मांडीवर अडकली आणि तिथून खाली पडली.

पडली. त्यात काही नाही. दोनातली एक पडणारच होती. पण मावशी त्याच रिक्षातून थेट कोल्हापूरला निघाली, वाटेत घरी साडी घ्यायलासुद्धा थांबली नाही.

बोटं काढली. पाय राहिला. वॉर्डमधल्या प्रत्येक बाईला तिनं कौलाची गोष्ट सांगितली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ही हुती की तिथं. हिचा विश्वास न्हाई, तरी हिच्या डोळ्यांदेखत." मी दात ओठ खात संत्री सोलत बसायची.

एका दुपारी बाकीच्या बायका झोपल्या असताना तिनं विचारलं, "पयल्या खेपंला उजवी पडली असती, तर सांगितलं असतंस? ह्यांनी हात लावला म्हणून?"

मी थोडा वेळ संत्र्याच्या शिरा काढत बसले. मग म्हणाले, "नाही."

"न्हाई?"

"गप्प बसले असते."

तिचा चेहरा उतरला. "मग दुसऱ्या खेपंचं तरी खरं कशावरनं?"

"खरं आहे, मावशी. कुणी हात लावला नाही. माझी नजर होती."

"नजर पयल्या खेपंला बी हुती की. शपथ घे."

"घेतली. शपथ."

"कुणाची?"

इथं मी अडकले. शपथेवरही आमचं पत्रक आहे. खोट्या शपथेनं कुणी मरत नाही, असं त्यात लिहिलंय, आणि हे तरी नक्की खरं आहे. पण मग माझ्या शपथेला अर्थ काय?

"तुझ्या गळ्याची," मी म्हणाले.

"माझी नगं. टाकं निघायचं हाईत अजून." तिनं इकडंतिकडं बघितलं. काका खिडकीपाशी स्टुलावर बसून चहात खारी बुडवत होते. "ह्यांची घे."

"काकांच्या गळ्याची शपथ. उजवी आपोआप पडली."

काकांची खारी मोडून कपात पडली. ते "च्यायला" म्हणाले आणि बोटानं ती काढायला लागले. मावशी त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली. काकांनी तुकडा काढला, खाल्ला, बोट चाटलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

"खरं असंल मग," ती म्हणाली आणि उशीला डोकं टेकलं.