छातीची फोड

कल्पना करा, तुम्ही कोंबडी तळली आहे. छातीची मोठी फोड एकच आहे आणि दारात पाहुणे दोन. एक सांगतो, मारणाऱ्यावर हात उगारू नका. दुसरा सांगतो, आधी त्याचा हात धरा. दोघांनाही आपल्या काळ्या माणसांना मतदानाच्या रांगेत उभं करायचंय. फोड कुणाला वाढाल?

आमच्या अलाबामात हा प्रश्न पडत नाही. चांगली फोड पाद्रीबाबांची. काळ्यांना मत टाकू देत नसत त्या साठच्या दशकातल्या एका रविवारी ओझेलामावशीनंही ती पाद्री मेह्यूंनाच वाढली, पुढच्या खोलीत, इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथवर.

क्लिओटिस रड बंदूक घेऊन आला होता. पाद्रीबाबा ज्या घरी उतरत तिथं तो पहारा द्यायचा. ते नको म्हणत, हा ऐकत नसे. मावशी गोऱ्या गिरणीमालकाकडे स्वयंपाकाला होती. बंदूकवाला तिच्या टेबलावर जेवला, ही बातमी सोमवारी तिच्याआधी तिथं पोचली असती आणि तिचं काम गेलं असतं. तिनं त्याला दारातच अडवलं. मागच्या ओट्यावर वाढते, म्हणाली.

तो हसला. "मावशी, मालकाकडे तू कुठं बसून जेवतेस?"

"मागच्या ओट्यावर."

"मग जागा ओळखीचीच आहे."

तिनं त्याला मान आणि पंख वाढले. वर भात आणि चवळी. आत आली तर पाद्रीबाबा घास न घेता थांबलेले.

"सिस्टर ओझेला, क्लिओटिसची खुर्ची कुठाय? आम्ही भांडतो रोज, पण जेवतो एकत्र."

त्यांनी मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. रागावले नाहीत. आपली ताटली तिच्या हातात दिली. "ही त्याला नेऊन द्या."

ती धावत मागे गेली. क्लिओटिस पुन्हा पुढच्या पायरीवर पहाऱ्याला जाऊन बसला होता. ओट्यावर त्याची ताटली नळाखाली धुऊन पालथी घातलेली. शेजारी कुत्रं पाय ताणून पडलेलं. ती फोड त्या दिवशी कुणीच खाल्ली नाही.

क्लिओटिस पुढे डेट्रॉइटला गेला. जाईपर्यंत भेटला की टोपी काढायचा, मावशीची नजर मात्र खाली जायची. आता ती मतदान करते, दर वेळी रांगेत पहिली असते. पण कोंबडी तळायला घेतली की माझ्याकडे न बघता विचारते, "तो जेवला होता का गं, की कुत्र्याला घातलं?"