तिसऱ्या वेळेची काठी

हे मी घरातही बोललो नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. सात वर्षं झाली. तुम्हाला सांगतो आहे — कसं जमेल ते बघू.

खामगावात कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात सिनेमाचं शूटिंग झालं. इंग्रजांविरुद्धच्या लढाईचा सिनेमा. आमच्या वाट्याला लाठीहल्ल्याचा प्रसंग होता. माणसं गावातलीच — पंचेचाळीस गावकरी, वीस शिपाई. मी शिपाई. माझ्या घराशेजारचा वसंता शिंपी गावकऱ्यांत.

लाठ्या वीस होत्या. सतरा फोमच्या, तीन खऱ्या बांबूच्या. खऱ्या फक्त जमिनीवर आपटायच्या, आवाजासाठी. त्या मोजून वाटायचं काम माझ्याकडे दिलं होतं. मी बावीस वर्षं कापसाच्या वजनकाट्यावर आहे, माझी मोजणी चुकत नाही.

वसंताला मारायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्यांदा शूट केलं तेव्हा माझा मार खोटा दिसला. दुसऱ्यांदाही. धुळीत पडलेला वसंता हसत म्हणाला, "माशा हाकलून राह्यला का बे?" सगळे हसले. मीही हसलो.

राग आला होता का? पुष्कळदा आठवून पाहिलं. राग सापडत नाही. काहीच सापडत नाही.

तिसऱ्या वेळी लाठ्या पुन्हा वाटल्या — आणि बांबूची एक मी स्वतःकडे ठेवली. चुकून आली असेल, असं तुम्ही म्हणाल. फोमची पाव किलोही नव्हती, ही सव्वा किलोच्या आसपास. एवढा फरक माझ्या हाताला कळला नसेल?

वसंताने उजवा हात वर केला. मी मारलं. जोर लावून मारलं. दिग्दर्शक खूश झाला.

पडताना त्याचं डोकं आपटून शुद्ध गेली होती, आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सिनेमावाल्यांनी मला विचारलं — लाठ्या माझ्या ताब्यात होत्या ना. मी सांगितलं, मारणाऱ्यांच्या हातात सगळ्या फोमच्याच होत्या. माझ्या मोजणीवर कोण शंका घेणार? गर्दीत पडून लागलं, असं त्यांनी लिहून घेतलं. प्लास्टर घालून त्याला घरी पाठवलं.

हाड वाकडं जुळलं. वसंता दिवसाला सहा शर्ट कापायचा. आता कात्री चालत नाही. कापायचं काम भाऊ करतो, हा काज-बटणं करतो.

सिनेमात तो प्रसंग आहे, चार सेकंदांचा. वसंता गिऱ्हाइकांना मोबाईलवर दाखवतो — हा पडला तो मी. मारणारा पाठमोरा आहे. तो कोण, हे कोणी विचारत नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने विचारलं, "मी पडलो कसा बे? मले तं काहीच आठवत नाही."

"तुहा पाय सरकला," मी म्हणालो.

आता तोही सगळ्यांना तसंच सांगतो. मी बाजूला बसलेला असतो, आणि होकाराची मान हलवतो.